स्वार्थ सोडायचा म्हणजे नेमकं काय सोडायचं?

नागपूरहून भंडाऱ्याकडे येताना, भंडारा लागण्याआधीच ठाणा पेट्रोलपंपचा थांबा येतो. तिथून आत जवाहरनगर. साठच्या दशकात इथं आयुध निर्माणी आली आणि तिच्या पाठोपाठ वसाहत वसली. केंद्र सरकारच्या कारखान्याची वसाहत म्हटली की भरतीनं, बदलीनं माणसं दूरदूरच्या राज्यांतून येतात. येताना आपली भाषा, आपलं जेवण आणि आपली प्रार्थनाही घेऊन येतात. ख्रिस्ती कुटुंबांचं तर असं की अशा वसाहतीत एकाच रांगेत वेगवेगळ्या परंपरा शेजारी नांदू शकतात. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून घेणारा कॅथलिक, पिढ्यानपिढ्या उपासनेत कवी नारायण वामन टिळकांची पदं म्हणत आलेलं मराठी प्रोटेस्टंट घर, आणि हात उंचावून मोठ्यानं प्रार्थना करणारा पेंटेकॉस्टल.

या सगळ्यांच्या तोंडी काही शब्द सारखेच असतात. नवा जन्म, संजीवन, जुना माणूस टाकून देणं, स्वतःला नाकारणं. उपवासकाळात तर हे शब्द रोज कानावर पडतात. पण वापरून वापरून ते इतके गुळगुळीत झालेत की त्यांच्याखाली काय काय भरलं जातं याकडे कुणाचं लक्ष राहत नाही. काही गैरसमज निरुपद्रवी आहेत. काहींनी मात्र माणसांची, विशेषतः बायकांची, आयुष्यं नासवली आहेत. म्हणून त्यांच्याबद्दल स्पष्ट लिहायला हवं.

गैरसमज : बाप्तिस्मा झाला, मंडळीच्या यादीत नाव लागलं, की माणूस नवा झाला.

वस्तुस्थिती पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात बघावी. इंग्लंडमधल्या वाँटेज इथं 29 सप्टेंबर 1883 रोजी लहानग्या मुलीसह, मनोरमेसह, त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर आठ वर्षांनी, 1891च्या सुमारास, शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा चालवत असताना त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण ख्रिस्त अजून मिळालेला नाही. ही कबुली त्यांनी पुढं आपल्या 1907च्या आत्मनिवेदनात छापून दिली. विचार करा, तोवर त्यांचं नाव अमेरिकेपर्यंत पोचलं होतं. त्यांच्या कामासाठी तिथं मंडळं स्थापन झाली होती. अशा वेळी 'मला अजून मुख्य गोष्ट कळलेली नाही' असं मान्य करायला केवढं धैर्य लागत असेल! मला तर वाटतं, ती कबुली हेच त्यांच्या नवीकरणाचं पहिलं चिन्ह होतं.

दुसरं उदाहरण आपल्या अगदी जवळून गेलेलं आहे. 1893 मध्ये नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला नोकरीसाठी निघाले होते. तेव्हाच्या बंगाल-नागपूर रेल्वेचा तो रस्ता आपल्याच भंडारा जिल्ह्यातून जातो. आज वरठीला भंडारा रोड स्थानकावर गाडी थांबते तोच. त्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाशी त्यांच्या गप्पा झाल्या. उतरण्यापूर्वी त्यानं टिळकांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीतही केलं. टिळक वाचत गेले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन थबकले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

गोष्ट सांगणारे बहुतेक इथं थांबतात. पण त्यानंतरचे टिळक कसे होते, हे आपल्याला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मकथनात वाचायला मिळतं. रागीट, लहरी, क्षणात कुणाला काय देऊन टाकतील याचा नेम नसलेले, आणि त्या उदारपणाचा भार घरच्यांवर पडतो आहे याचं भान अनेकदा नसलेले. लक्ष्मीबाईंनी काही लपवलं नाही. महान कवी, निष्ठावान ख्रिस्तभक्त आणि तरीही घरात अवघड माणूस. बाप्तिस्म्याच्या पाण्यानं स्वभाव धुऊन निघत नाही, हे त्या पुस्तकाइतकं प्रेमानं आणि प्रामाणिकपणानं मराठीत दुसऱ्या कुणी सांगितल्याचं मला माहीत नाही.

बाप्तिस्म्यानं काय घडतं याबद्दल परंपरांमध्ये मतभेद आहेत. कॅथलिक आणि अँग्लिकन शिकवण बाप्तिस्म्यालाच नवा जन्म मानते, तर इव्हँजेलिकल मंडळ्या व्यक्तिगत विश्वासाच्या निर्णयावर भर देतात. पण पुढं रोज बदलत राहावं लागतं, याबद्दल दोघांचंही एकमत आहे. मार्टिन ल्यूथरनं 1517 मध्ये मांडलेल्या 95 प्रबंधांपैकी पहिलाच हे सांगतो की पश्चात्ताप ही विश्वासणाऱ्याची आयुष्यभराची रीत आहे. क्रूस उचलण्याची येशूची आज्ञा लूकनं नवव्या अध्यायात नोंदवली आहे, तिथं तो क्रूस दररोज उचलायला सांगितलं आहे. हा 'दररोज' मत्तय आणि मार्क यांच्यात नाही, लूकमध्ये आहे, आणि आपल्याला नेमका तोच विसरायला आवडतो.

गैरसमज : संजीवन म्हणजे अश्रू, आरोळ्या आणि थरथरणारं शरीर. ते नसेल तर आत्मा आलाच नाही.

महाराष्ट्रातलं सर्वांत गाजलेलं संजीवन, म्हणजे आत्मिक जागृती, रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधलं. वेल्समध्ये 1904-05 साली झालेल्या जागृतीच्या बातम्या तिथं पोचल्या होत्या. जानेवारी 1905 मध्ये रमाबाईंनी रोज एकत्र प्रार्थना करणारा एक गट सुरू केला आणि जूनअखेर ते सगळं उसळून वर आलं. मुली रडत होत्या, मोठ्यानं पापं कबूल करत होत्या, तासन्‌तास प्रार्थना करत होत्या. मिनी एब्रम्स या तिथल्या अमेरिकन सहकारी बाईंनी त्यावर पुस्तिका लिहिली आणि मुक्तीचं नाव जगभर झालं. बघायला आलेल्यांत काही भारावले, काहींनी नाकं मुरडली.

त्या अश्रूंची टिंगल करण्याचा अधिकार कुणालाच नाही. त्यातल्या कितीतरी मुली दुष्काळातून उचलून आणलेल्या होत्या. 1896-97च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात फिरल्या आणि तिथून शेकडो मुली, बालविधवा घेऊन आल्या. तेव्हा भंडारा जिल्हाही त्याच मध्य प्रांतात होता. रमाबाईंनी स्वतः तरुणपणीच दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली होती. ज्यांनी आपली माणसं भुकेनं मरताना पाहिली, त्यांनी देवापुढं मोठ्यानं रडू नये असं कोण म्हणणार?

पण मुक्तीची ओळख त्या जूनच्या रात्रींवर टिकलेली नाही. तिथं शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता. बाहेर ज्यांना विटाळ मानलं जाई अशा विधवा तिथं शिकत होत्या, हातात काम धरत होत्या, मुलांना सांभाळत होत्या. संजीवनानंतर मुलींचे गट आसपासच्या खेड्यांत जाऊ लागले. पौलानं गलतीकरांना लिहिताना आत्म्याचं फळ म्हणून नऊ गुण मोजले आहेत. त्यातले बहुतेक असे आहेत की समोर दुसरा माणूस असल्याशिवाय ते दिसतच नाहीत. सभेत कोण किती रडलं यावरून नव्हे, सोमवारी सकाळी ती व्यक्ती भांडी घासायला येणाऱ्या बाईशी कशी बोलते यावरून मी अंदाज बांधीन.

गैरसमज : स्वतःला नाकारणं म्हणजे गप्प बसून सगळं सोसणं. मारणारा नवरा हाही 'क्रूस'च.

सगळ्यांत घातक तो हाच, आणि तो शिकवला जातो. घरात मार खाणाऱ्या बाईला 'प्रभूनंही सोसलं, तूही सोस' असं सांगणारी माणसं आहेत. सुनेचं शिक्षण बंद करताना, म्हाताऱ्या आईच्या नावावरची जमीन मुलांकडं वळवताना, कमी पगारावर मंडळीत राबणाऱ्या माणसाला गप्प करताना हाच क्रूस पुढं केला जातो. इथं स्वार्थ सोडायला सांगितलं जातं ते नेहमी दुबळ्यालाच, आणि सांगतो तो ज्याचा त्यात फायदा आहे तो.

शुभवर्तमानातला क्रूस असा नाही. तो माणसानं स्वतः उचलायचा आहे, दुसऱ्यानं कुणाच्या खांद्यावर लादायचा नाही. दुसऱ्याचं पाप हा तुमचा क्रूस होत नाही. महायाजकाच्या घरी चौकशीच्या वेळी शिपायानं तोंडात मारली तेव्हा येशू गप्प राहिला नाही. मी चुकीचं बोललो असेन तर दाखव, नाहीतर मारलंस का, असा सरळ प्रश्न त्यानं केला. योहानाच्या अठराव्या अध्यायात हा प्रसंग आहे. दुसरा गाल पुढं करायला सांगणाऱ्या त्याच येशूचा हा प्रश्न आहे. गाल पुढं करणं आणि अन्यायाला अन्याय म्हणणं या दोन्ही गोष्टी एकाच माणसात नांदू शकतात. सूड घ्यायचा नाही, पण खोटंही चालवून घ्यायचं नाही. इफिसकरांस पत्रातल्या ज्या अध्यायातून बायकांना अधीनता शिकवली जाते, त्याच अध्यायात नवऱ्याकडून ख्रिस्तासारखं स्वतःला अर्पण करण्याची मागणी आहे. तो भाग लग्नाच्या उपासनेत वाचला जातो आणि मांडवातच राहतो.

रमाबाईंकडं पुन्हा यायला हवं, कारण या बाबतीत त्यांच्याइतका स्पष्ट धडा कुणाचाच नाही. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांचं त्यांच्यावर प्रेम होतं. रमाबाई त्यांना आजीबाई म्हणत. पण चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात असताना पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा प्रश्न निघाला, बिशपांनी विरोध केला, आणि रमाबाईंनी तो निर्णय मुकाट्यानं मान्य केला नाही. धर्मसिद्धान्तांबद्दलही त्या प्रश्न विचारत राहिल्या. जेराल्डीनना यात गर्व दिसला, हट्ट दिसला. रमाबाईंचं म्हणणं असं की त्यांनी आपली सदसद्विवेकबुद्धी देवाला वाहिली आहे, ती कुणा पाळकाच्या किंवा बिशपाच्या हाती देता येणार नाही. त्यांचा हा पत्रव्यवहार पुढं छापला गेला आहे आणि तो वाचताना दोन्ही बाजूंबद्दल जीव कळवळतो.

आता हीच 'हट्टी' बाई पुढं काय सोडते ते पाहा. 1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी जिला 'सरस्वती' ही पदवी दिली, जिच्या संस्कृतानं विद्वान दिपले, तिनं पुढं हिब्रू आणि ग्रीक शिकून आयुष्याची शेवटची अनेक वर्षं बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. आणि ते मुद्दाम साध्या, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत. पांडित्य दाखवायची उभ्या आयुष्यातली सर्वांत मोठी संधी समोर होती आणि त्यांनी पांडित्यच बाजूला ठेवलं. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. मुक्तीच्या छापखान्यातून संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर पडलं.

मत सोडलं नाही, मान सोडला. विवेक सोडला नाही, प्रतिष्ठा सोडली. स्वार्थत्याग आणि स्वतःला पुसून टाकणं यांतला फरक मला या एका आयुष्यात जितका स्वच्छ दिसतो तितका कुठल्याच प्रवचनात दिसला नाही. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल म्हणतो तेही हेच आहे. आपल्याच हिताकडं बघत बसू नका, दुसऱ्याच्याही हिताकडं बघा. स्वतःचं हित म्हणजे पाप, असं तो म्हणत नाही. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करायची, तर आधी स्वतःला काही किंमत असावी लागते.

गैरसमज : खऱ्या विश्वासणाऱ्यानं शोक करू नये, आणि हक्क तर मागूच नयेत.

24 जानेवारी 2025 रोजी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला आणि आठ माणसं गेली. अशा वेळी सांत्वनाला येणाऱ्यांच्या तोंडून बरंच काही निघतं. देवाची इच्छा होती, रडू नका, नुकसानभरपाईचं काय घेऊन बसलात. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण ज्यांच्या घरातलं माणूस सकाळी कामावर गेलं आणि परत आलं नाही, त्यांना शोकातही अपराधी वाटायला लावणं ही निष्ठुरता आहे. कुठल्याही धर्माच्या घरात हे बोलू नये, आणि बायबल हातात घेऊन तर मुळीच बोलू नये.

कारण बायबलमधल्या दीडशे स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश विलापाची आहेत. त्यांत देवाला जाब विचारलेला आहे, तक्रार आहे, 'कुठवर' असा आक्रोश आहे. ती स्तोत्रं मंदिरात गायली जात होती, कुणी लपवून ठेवली नाहीत. लाजराच्या कबरेपाशी येशू रडला, आणि तेही त्याला उठवायला निघालेला असताना. रूथच्या पुस्तकातली नामी, नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून बेथलेहेमला परतते, तेव्हा सगळ्या गावासमोर आपलं नावच बदलून घेते, देवानं मला कडू केलं म्हणते. तिला कुणी दटावत नाही.

हक्कांचंही तसंच. फिलिप्पै इथं पौल आणि सीला यांना चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकलं आणि सकाळी गुपचूप सोडून द्यायला निघाले, तेव्हा पौल हटून बसला. आम्ही रोमी नागरिक, आम्हाला जाहीरपणे मारलंत, आता अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन बाहेर न्यावं. आणि ते आले. लूकच्या अठराव्या अध्यायातल्या विधवेचा दाखला तर याहून थेट आहे. न्यायाधीशाच्या दारात ती पुनःपुन्हा जाते, थकत नाही, आणि येशू तिच्या चिकाटीचा दाखला प्रार्थनेसाठी देतो. कामगाराच्या विधवेनं भरपाईसाठी अर्ज करणं, चौकशीचा निकाल मागणं, कामाच्या जागी सुरक्षेचे नियम पाळले जावेत म्हणून आवाज उठवणं यात स्वार्थ कसला? तो पुढच्या पाळीत त्याच जागी उभ्या राहणाऱ्या माणसाचा विचार आहे.

गैरसमज : देवाला द्या, तो दुपटीनं परत करील.

यावर फार शब्द खर्चायला नकोत. परताव्याच्या आशेनं दिलेला दशमांश म्हणजे गुंतवणूक, आणि तिची जाहिरात करणारा उपदेशक बहुधा स्वतः आधी वसूल करतो. मंदिराच्या दानपेटीत दोन नाणी टाकणाऱ्या विधवेची गोष्ट पैसे गोळा करताना हमखास सांगितली जाते. मार्कच्या बाराव्या अध्यायात तिच्या अगदी आधीची वाक्यं मात्र गाळली जातात. तिथं येशू विधवांची घरं गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांपासून सावध राहायला सांगतो. सातव्या अध्यायात तर तो अशा माणसांना झापतो, जे देवाला वाहिलं आहे असं सांगून म्हाताऱ्या आईबापांना पोसायची जबाबदारी टाळतात.

आणि पौल आणखी पुढं जातो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात तो म्हणतो की सगळी मालमत्ता वाटून टाकली आणि प्रीती नसली तर त्याचा काही उपयोग नाही. म्हणजे सर्वस्व देऊनही माणूस आतून स्वार्थी राहू शकतो. ही गोष्ट मला अस्वस्थ करते. दान देताना मिळणारं नाव, फलकावरची अक्षरं, सभेतला सत्कार, हे सगळं त्या एका वाक्यासमोर उभं राहू शकत नाही.

गैरसमज : स्वार्थ हा एकेकट्या माणसाचा रोग आहे. मंडळी तर पवित्रच.

मंडळीचाही स्वार्थ असतो. जमिनींवरून कोर्टात चालणारे खटले, कमिटीच्या निवडणुकीत पडणारे तट, 'आमची' आणि 'त्यांची' उपासना. लग्नाच्या जाहिरातीत बाप्तिस्म्यानंतर पिढ्या गेल्या तरी टिकून राहिलेली जात. तामिळनाडूतल्या काही गावांत तर ख्रिस्ती कब्रस्तानंही जातीप्रमाणं वेगळी राहिली. अशा मंडळीत एकेका माणसानं कितीही उपास-प्रार्थना केली तरी सगळ्यांचं मिळून जे 'आम्ही' आहे त्याला धक्का लागत नाही.

पण मंडळ्यांनाही सोडता येतं, आणि याचं उदाहरण आपल्या नागपूरचंच आहे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. अँग्लिकन, उत्तर भारताची संयुक्त मंडळी, बॅप्टिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन परंपरेतले मेथडिस्ट आणि डिसायपल्स अशा सहा मंडळ्या एक झाल्या. बोलणी 1929 पासून चालू होती. चाळीस वर्षांहून अधिक काळ! वाद बारीकसारीक नव्हते. बिशप असावा की नसावा, बाप्तिस्मा बालपणी द्यावा की मोठेपणी, पाणी शिंपडावं की बुडवावं. ज्यांच्या आजोबांनी या प्रश्नांवरून वेगळी चूल मांडली होती, त्यांनी नव्या घटनेत बाप्तिस्म्याच्या दोन्ही पद्धतींना जागा दिली आणि आपली जुनी नावं मागं ठेवली. अमेरिकन परंपरेतल्या मेथडिस्टांनी अखेरच्या टप्प्यावर माघार घेतली, कॅथलिक त्यात नव्हतेच. पुढं या मंडळीतही तंटे झाले, कोर्टकज्जे झाले. तरीही स्वतःचं नाव सोडणं ही संस्थेसाठी केवढी अवघड गोष्ट असते, हे कुठल्याही संस्थेत कमिटीवर बसलेल्या माणसाला कळेल.

गैरसमज : खरं आत्मिक जीवन हवं असेल तर नोकरी-संसार सोडावा लागतो.

1917 मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला, ख्रिस्ती संन्यासी झाले आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र येतील असं त्यांचं स्वप्न होतं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडं आलो असं मानणाऱ्या माणसाला तेच शोभणारं होतं. 9 मे 1919 रोजी ते गेले आणि दरबार फुलायच्या आधीच विरला.

या त्यागाबद्दल मला आदर आहे. पण त्याच घरात दुसरी एक वाट चालू होती, तिच्याबद्दल तितकं बोललं जात नाही. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा लक्ष्मीबाई काही वर्षं दूर राहिल्या. परत आल्यावरही स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं, सोवळं कडक. कुणी दटावून त्यांनी ते सोडलं नाही. जात माणसानं केली, देवानं नव्हे, हे त्यांचं त्यांनाच विचारांती पटलं तेव्हा सोडलं, आणि 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढं आपल्या आणि परक्या मुलांनी घर भरलं, पैशाची ओढाताण कायमची. नवरा गेल्यावर त्याचं 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्ताच्या जीवनावरचं अपुरं महाकाव्य त्यांनी हाती घेतलं आणि बहुतांश काव्य स्वतः रचून पुरं केलं. शाळेत न गेलेल्या बाईनं! संन्यास न घेता, संसारातून न उठता.

सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा एक साधा बंधू होता. त्याचं काम मुदपाकखान्यात. भांड्यांच्या खडखडाटात देवाशी बोलायला तो शिकला आणि आजही लोक त्याच्याकडून प्रार्थना शिकतात. पाळीची नोकरी करणाऱ्यांना, रविवारी ड्युटी लागणाऱ्यांना, रात्रपाळी करून आल्यावर मुलांना शाळेत सोडणाऱ्यांना, दुखणाईत सासऱ्यांची उस्तवार करणाऱ्या सुनांना हे सांगायला हवं की त्यांचं आत्मिक जीवन कुठं दूर शिबिरात त्यांची वाट बघत नाही. थकव्यानं प्रार्थना चुकली म्हणून देव दुरावत नाही. शिबिरं जरूर करावीत, पण शिबिरातून परतलेल्या माणसानं घरच्यांना हलक्या दर्जाचं समजू नये.

गैरसमज : देवाशी हिशेब मिटला की झालं, माणसांचं नंतर बघू.

डोंगरावरच्या प्रवचनात क्रम उलटा आहे. अर्पण वेदीपाशी आणलंय, आणि आठवलं की कुणाचं तरी आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेवायचं, आधी जाऊन समेट करायचा, मग यायचं. मत्तयच्या पाचव्या अध्यायातली ही सूचना नीट बघा. माझं त्याच्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर, असं ती म्हणत नाही. त्याचं माझ्याविरुद्ध काही आहे, त्याची वेदना आहे, असं म्हणते. स्वार्थी मन स्वतःवरचे घाव अचूक मोजतं आणि आपण केलेले घाव विसरतं. इथं नेमकं ते उलटं करायला सांगितलं आहे.

जक्कयानंही तेच केलं. जकातदारांचा तो प्रमुख. येशू घरी येतो आणि तो उठून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्यांच्याकडून अन्यायानं घेतलं त्यांना चौपट. मोशेच्या नियमात, कबुली देऊन परत करणाऱ्यानं मूळ रकमेवर पाचवा हिस्सा जास्त द्यावा एवढंच होतं. जक्कयानं कमीत कमी किती द्यावं लागेल हे विचारलंच नाही. आणि त्या दिवशी त्याच्या घरात तारण आलं असं येशू म्हणतो, ते या हिशेबानंतर.

म्हणून पुढच्या प्रभुभोजनाआधी एक करता येईल. बोलणं टाकलेल्या माणसाचं नाव मनाशी घ्यावं. भाऊ असेल, जाऊबाई असतील, मंडळीतला जुना मित्र असेल, सेक्शनमधला सहकारी असेल. त्याचे पैसे अडकवलेत तर पैसे घेऊन जावं. त्याच्याबद्दल चारचौघांत खोटं बोललो असू तर त्याच चारचौघांत खरं सांगावं. माफी मागताना 'तुला वाईट वाटलं असेल तर' असं म्हणू नये, आपण काय केलं ते नेमकं सांगावं आणि गप्प राहावं. त्यानं दार लावून घेतलं तर तो त्याचा अधिकार आहे. मात्र ज्यानं आपल्याला मारलंय, ज्याच्यापासून जिवाला धोका आहे, अशा माणसाकडं एकटीनं जाऊन समेट करावा असं कुणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नये. तिथं आधी आसरा, पोलिस आणि विश्वासाची माणसं. सूचना अपराध करणाऱ्याला आहे, आणि उठून चालत जायचं आहे तेही त्यानंच.